जिन्नांच्या घरचा हंडा

फार पूर्वी, घराघरात तांब्याची भांडी होती आणि जिन्नांनी माणसांशी बोलणे अजून टाकले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक कल्हईवाला राहत होता. गाव त्याला उस्ताद म्हणे. हाताला कसब, जीभ तिखट, आणि ताठा एवढा की घराच्या ठेंगण्या दारातूनसुद्धा तो मान वाकवत नसे. रोज कपाळ आपटे. पण वाकत नसे.

त्याला एक मुलगी होती. हलिमा. सोळा सरून सतरावे लागलेले. घरात दोघेच. बाप भांडे विस्तवावर धरी, मुलगी भाता ओढी. कल्हईच्या कामात भाता म्हणजे प्राण. बकऱ्याच्या कातड्याचा तो भाता उस्तादाच्या आजोबांच्या हातचा. तो चालला की खड्ड्यातले कोळसे लाल होत, भांडे तापे, नवसागर टाकला की पांढरा धूर उठे. मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवला की तांब्याच्या पोटात चांदी उतरल्यासारखे दिसे.

उस्तादाच्या घरचा एक रिवाज होता. नव्या कल्हईचे भांडे रिकामे द्यायचे नाही. आत गुळाचा खडा ठेवायचा. आणि कोणाचेही भांडे घरी भरून आले तर तेही रिकामे परत करायचे नाही. या बाबतीत उस्ताद कोणाचे ऐकत नसे. तसा तो कोणत्याच बाबतीत ऐकत नसे.

हलिमाला कामाचा कंटाळा नव्हता. हौस मात्र एक होती. काफचा डोंगर पाहायचा. पृथ्वीच्या कडेला पाचूचा डोंगर आहे, आभाळाला रंग चढतो तो त्याच्यामुळे, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती. स्वतः ती गावाबाहेरच्या गोरखचिंचेपलीकडे कधी गेली नव्हती. हत्तीच्या पायासारखा बुंधा असलेले ते जुने झाड. त्याच्या शेजारी विहीर, पुढे माळ, आणि माळाच्या टोकाला पडका हमाम. एके काळी तिथे लोक गरम पाण्याने न्हायला जात. आता तिथे जिन्न राहतात, असे गाव म्हणे. गाव बरोबर म्हणत होते.

एका दुपारी उस्तादाच्या दारात एक पोरगा उभा राहिला. डोक्यावर दोन घागरी पाणी मावेल एवढा हंडा. पोरगा हलिमाच्याच वयाचा दिसत होता. पण त्याची सावली पडत नव्हती, आणि पाय जमिनीपासून चार बोटे वर होते.

"कल्हई करायचीय," तो म्हणाला.

उस्तादाने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग पायांकडे पाहिले.

"कुठला तू?"

"हमामातला."

"जिन्न?"

"जी, चाचा."

"नाव?"

"शरार."

"हंड्याला काय झालं?"

"कळकलाय. आमचं खाणं म्हणजे वाफ आणि वास. तो आम्ही यात भरून ठेवतो. हल्ली सगळ्याला हिरवट चव येते. अम्मीचं पोट बिघडलंय. एरवी ती लालबुंद असते, आता निळी पडलीय."

"आधीची कल्हई कधी केली होती?"

शरारने आठवून पाहिले. "तो समोरचा डोंगर नव्हता ना, तेव्हा."

"आणि हे तोंड वर करून सांगतोस!" उस्ताद म्हणाला. "हलिमा, भाता घे."

हलिमा शरारच्या अधांतरी पायांवरून भ्यालेली नजर न काढता भाता ओढू लागली. हंडा तापला. उस्तादाने नवसागर टाकला. धूर शरारच्या नाकात गेला आणि तो शिंकला. पहिल्या शिंकेला त्याचा उंट झाला. दुसऱ्या शिंकेला बदक. तिसऱ्या शिंकेला तो हुबेहूब शेजारची ठकूबाई झाला. नेमकी तेव्हाच खरी ठकूबाई आपले पातेले घेऊन दारात आली.

"अगं बाई! ही कोण माझं लुगडं नेसून बसलीय?"

चौथी शिंक आली आणि शरार पुन्हा शरार झाला. ठकूबाईने पातेले तिथेच टाकले आणि पळ काढला. हलिमा इतकी हसली की तिचे भय त्या हसण्यातच संपले.

"हसतेस काय," शरार म्हणाला. "बदक होऊन बघ एकदा. पोटात कसंतरी होतं."

उस्तादाने तापलेला हंडा थंड करायला पाण्यात बुडवला. चर्र झाले. शरार दाराआड लपला. जिन्न आगीचे असतात, त्यांना पाण्याचे वावडे. हंडा पुसून बाहेर आला तेव्हा त्याचे पोट आरशासारखे झाले होते. शरारने त्यात आपले तोंड पाहिले आणि केस सारखे केले. मजुरी त्याने जागेवर दिली.

उस्तादाने हंड्यात गुळाचा मोठा खडा ठेवला. "रिवाज आहे. अम्मीला सांग, उस्तादाच्या घरून गोड आलंय."

इथवर सगळे नीट होते.

दुसऱ्या दिवशी शरार हंडा घेऊन परत आला. गावातली कुत्री त्याच्यावर भुंकली, म्हणून तो गोरखचिंचेपाशीच थांबला आणि त्याने हलिमाला शीळ घातली. हंड्यावर झाकण होते.

"अम्मी खूश झाली," तो म्हणाला. "म्हणाली, त्यांनी हंडा गोड करून दिला, आपण हात हलवत बसायचं नाही. आमच्यातही रिवाज आहे. ज्याच्याकडून आलं त्याला आलेल्याहून चांगलं पाठवायचं."

घरी येऊन हलिमाने झाकण काढले. आत काही नव्हते. नुसता गुलाबाचा वास होता. पण वास असा की आळीतली माणसे घराबाहेर येऊन उभी राहिली. म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या.

उस्तादाने वास घेतला. मिशीला पीळ दिला.

"ठीक आहे. आता हंडा रिकामा कसा पाठवायचा?"

तिळाचे लाडू वळले. हंडा भरून लाडू गोरखचिंचेपाशी गेले. हमामातून परत येताना हंड्यात एक पाखरू होते, निव्वळ ज्योतीचे. ते गोड गाईल असे हलिमाला वाटले. पाखराने घर पाहिले, उस्तादाला पाहिले, आणि उस्तादाच्याच आवाजात ओरडले, "बोळा फिरव! बोळा फिरव!" दिवसभर ते तेवढेच ओरडत असे.

"चांगलं आहे," उस्ताद म्हणाला. त्याचा चेहरा मात्र चांगला नव्हता.

त्याने नवी घोंगडी पाठवली. जिन्नाच्या आईने गालिचा पाठवला. गालिचा उडणारा होता. पण तो जमिनीपासून हातभरच उडे, आणि उलटा. बसणाऱ्याला पुढे जायचे असेल तर तो मागे जाई. उस्ताद एकदाच बसला. गालिच्याने त्याला पाठमोरा नेऊन उकिरड्यात बसवले. ठकूबाई कुंपणावरून म्हणाली, "उस्ताद, सवारी कुठे निघाली? आणि माझ्या पातेल्याचं काय?"

"होईल," उस्ताद म्हणाला आणि उकिरड्यातून उठला. मान ताठच.

ठकूबाईचे पातेले झाले नाही, कारण पुढच्या खेपेला उस्तादाने घरातले सगळे कथील हंड्यात घातले. एक कांडीही ठेवली नाही. "ते गालिचे देतात. आपण काय तिळाचे लाडूच देत बसायचं? आपला धातू बघू दे त्यांना."

"अब्बा, मग कल्हई कशाने करायची?"

"तू मला शिकवू नकोस. हंडा उचल."

कथलाच्या बदल्यात हंडाभर चांदणे आले. ते घरात सांडले आणि पुन्हा भरताच येईना. मांजरी, झुरळे, उस्तादाचे वाढलेले पांढरे केस, सगळे रात्रभर लख्ख दिसू लागले. कोणाचा डोळा लागेना. पाखरू पहाटेआधीच ओरडू लागले.

गिऱ्हाईक येई आणि परत जाई. कल्हईचा खड्डा थंड पडला होता. ठकूबाईची कढी घरच्या दुसऱ्या, कल्हई उडालेल्या पातेल्यात कळकली आणि तिने ती उस्तादाच्या दारात आणून ओतली. "बघा! तुमच्या मोठेपणाची चव घ्या!"

तिकडे हमामातही बरे चालले नव्हते. ते हलिमाला शरारकडे पाहून कळले.

गोरखचिंचेखाली हंडा हातोहात द्यायचा, एवढेच त्या दोघांचे काम होते. पण दोघे तिथे बराच वेळ बसत. शरार तिला काफच्या डोंगराच्या गोष्टी सांगे. तिथले वारे कसे रंगीत असतात, तिथे त्याची आजी कशी वादळाला पाळण्यात घालून झोपवते. "माझी आग भरात असली की एका उड्डाणात जातो मी," तो म्हणाला होता. "तुलाही नेईन. तू काय, मुठीएवढी."

"मुठीएवढी कोणाला म्हणतोस? भाता ओढून दाखव आधी."

पण प्रत्येक खेपेला शरारचे पाय जरा खाली आलेले असत. आधी चार बोटे, मग बोटभर. ज्या दिवशी चांदणे आले त्या दिवशी त्याची पावले धुळीत उमटली. मागे फिकट सावली पडली. हलिमाने पाहिले, पण ती बोलली नाही. विचारले तर तो थट्टा करेल हे तिला माहीत होते.

शेवटी एक दिवस असा आला की उस्तादाच्या घरात पाठवण्यासारखे काही उरले नाही. थंडी तोंडावर आली होती. उस्ताद बराच वेळ हंड्याकडे पाहत बसला. मग उठला. डब्यातले उरलेले तांदूळ त्याने हंड्यात ओतले, वर मूठभर डाळ टाकली. आणि भिंतीवरचा भाता काढून, घडी घालून, वर ठेवला.

हलिमाला आधी कळलेच नाही. "अब्बा, हा भाता आहे."

"दिसतं मला."

"तुमच्या दादाजींचा भाता आहे."

"म्हणूनच. याच्यावर ताण करणारं त्यांच्याकडे काही निघायचं नाही. संपेल एकदाचं."

"आणि आपण?"

उस्ताद वळला नाही. भिंतीवर भात्याची जागा पांढरी दिसत होती. "या घरातून हंडा रिकामा गेला नाही, जाणार नाही. नेऊन दे. उलट बोलू नकोस."

हलिमा हंडा डोक्यावर घेऊन निघाली. एवढा जड तो कधी लागला नव्हता. भाता दिला तर उद्यापासून काम नाही. न दिला तर बापाची मान खाली जाते. मान खाली घालून बाप तिने कधी पाहिला नव्हता. तसा तिला पाहायचाही नव्हता.

गोरखचिंचेखाली शरार बुंध्याला टेकून बसला होता. उठलाच नाही. त्याची सावली आता पक्की काळी पडली होती. हलिमाने त्याचा हात धरला. जिन्नाचा हात कढत लागायला हवा. तो विहिरीच्या दगडासारखा गार होता.

"काय झालंय तुला? खरं सांग. थट्टा केलीस तर पाण्यात बुडवीन."

शरार कसाबसा हसला. "चमत्कार काय हवेतून येतात? घरच्या आगीतून काढावे लागतात. पाखरू काढलं, अम्मीच्या केसांची आग गेली. चांदणं काढलं, माझी गेली. आता चुलीत मूळ निखारा तेवढा उरलाय. आमच्या कुळाचा. त्याच्यावर आम्ही जगतो."

"मग बस झालं म्हणून सांग ना अम्मीला!"

"सांगितलं. ती म्हणाली, उस्तादापुढे कमी पडायचं नाही. तू आज काहीही आणलं असतंस तरी तिचं ठरलेलं आहे. उद्या निखारा हंड्यात घालून पाठवणार." मग त्याने हंड्यात डोकावून पाहिले. "हे काय, भाता? चाचांना वेड लागलंय का?"

"तुझ्या अम्मीला लागलंय तेच."

 हंडा दोघांच्या मध्ये होता. एका बाजूला गाव दिसत होते, दुसऱ्या बाजूला हमामाचा फुटका घुमट. या झाडापासून हंडा एवढ्या खेपा इकडून तिकडे गेला, पण एकदाही इथे थांबला नव्हता. हे हलिमाच्या मनात आले आणि ती ताडकन उठली.

"शरार, जा. निखारा आत्ताच घेऊन ये."

"आज तुमची पाळी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात. चालता येतं ना? मग जा. कोणाला विचारू नकोस."

"अम्मी मला मेणबत्ती करून कोनाड्यात ठेवेल."

"आणि अब्बा मला घरात घेणार नाहीत. जा."

तो गेला. हलिमाने तीन दगड मांडले. काटक्या गोळा केल्या. भाता बाजूला काढून हंडा विहिरीवर नेला, तांदूळ-डाळ धुतली, पाणी घातले आणि हंडा दगडांवर चढवला. तेवढ्यात शेताहून घरी जाणारी ठकूबाई तिथे आली. डोक्यावर टोपली, टोपलीत कांदे, लसूण, मिरच्या.

"काय गं, आता रानात संसार थाटलास?"

"मावशी, कांदे द्या."

"देते बरी! माझं पातेलं कुठाय?"

"आज कांदे द्या, उद्या पातेलं घ्या. माझा शब्द आहे."

ठकूबाईने तिच्या तोंडाकडे पाहिले. काय दिसले कोणास ठाऊक. टोपली खाली ठेवली आणि पदराच्या गाठीतले मीठही सोडले. "कांदा बारीक चीर. तुझ्या बापासारखा ठोकळे करू नकोस."

शरार आला तेव्हा रांगतच आला म्हणायचे. ओंजळीत निखारा होता. बोराएवढा, पण डोळे दिपतील असा. ठकूबाईने त्याला ओळखले. "हाच तो माझं लुगडं नेसणारा!" पण त्याचा चेहरा पाहून तिने पळ काढला नाही. उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, किती गारठलायस पोरा!"

निखारा काटक्यांखाली ठेवला. हलिमाने भात्याचे तोंड त्याच्याकडे केले आणि भाता ओढला.

वारा निखाऱ्याला लागला. जिन्नांच्या त्या आगीला किती दिवसांत कोणी फुंकर घातली नव्हती. ती आधी कुरकुरली, मग लवलवली, मग काटक्यांतून भसकन वर आली. धूर नाही, नुसती ज्वाळा. शरार तिच्यापाशी सरकला आणि त्याने दोन्ही हात ज्वाळेत धरले. हाताचा रंग बदलला.

"ओढ," तो म्हणाला. "थांबू नकोस."

"मुठीएवढी आहे ना मी?"

"तू डोंगराएवढी आहेस. ओढ!"

खिचडी रटरटली. कांद्या-लसणाचा, तांदळाचा, नव्या कल्हईच्या हंड्यातला तो वास माळावर पसरला. अर्धा गावाकडे गेला, अर्धा हमामाकडे.

गावाकडून उस्ताद आला. हमामाकडून एक वावटळ आली, आणि तिच्यातून जिन्नाची आई उतरली. उंच, राखाडी, केसांत एक ठिणगी नाही. पण मान उस्तादाएवढीच ताठ.

"माझा भाता!" उस्ताद गरजला.

"माझा निखारा!" ती गरजली.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एवढे दिवस देणेघेणे चालले, पण समोरासमोर ती दोघे पहिल्यांदाच येत होती. दोघांनी लगेच चेहरे सारखे केले.

"बाई, माझ्या मुलीने हंडा पोचवला नाही. चूक आमची. मी दुप्पट पाठवीन."

"नाही उस्ताद, माझा पोरगा चोरून निघाला. चूक आमची. मी चौपट पाठवीन."

"मी—"

"अब्बा!" हलिमा म्हणाली. भाता तिच्या हातातच होता. "काय पाठवणार? भिंत?"

मग ती जिन्नाच्या आईकडे वळली.

"आणि खालाजान, तुम्ही काय पाठवणार? याला?" तिने शरारकडे बोट दाखवले. "हा विझत चालला होता. तुम्हाला घरात दिसलं नाही? मला इथे, झाडाखाली दिसलं."

जिन्नाच्या आईने मुलाकडे पाहिले. त्याच्या मागे सावली होती. जिन्नाच्या आईला मुलाची सावली दिसणे म्हणजे काय, ते तिलाच माहीत. तिची मान जरा हलली.

"हंडा आता कोणाकडेच जाणार नाही," हलिमा म्हणाली. "इथेच राहील. आत तांदूळ आमचे आहेत. आग तुमची. कांदा ठकूमावशींचा. हंडा तुमचा, कल्हई आमची, पाणी विहिरीचं. कोणी किती दिलं ते वेगळं काढून दाखवा. मग ज्याचं त्याला परत करते."

उस्तादाने हंड्यात पाहिले. जिन्नाच्या आईनेही पाहिले. खिचडी मऊ झाली होती. तिच्यातून काय वेगळे काढणार?

"मीठही माझंच आहे," ठकूबाई म्हणाली. "पण मला परत नको. जेवायला घाला."

कोणीतरी आधी बसायला हवे होते. बराच वेळ कोणी बसले नाही. मग गोरखचिंचेच्या खाली आलेल्या फांदीखालून उस्ताद पुढे झाला, आणि जन्मात पहिल्यांदा मान वाकवून गेला. कपाळ वाचले. तो मांडी घालून बसला.

"या बाई. बसा. गार होईल."

जिन्नाची आई बसली.

झाकण काढले. वाफेचा लोट वर आला आणि मायलेकांनी तो डोळे मिटून आत ओढला. पुन्हा ओढला. आईच्या केसांत एक ठिणगी पेटली, मग दुसरी. खाली हंड्यात खिचडी जशीच्या तशी होती.

"संपलं तुमचं?" ठकूबाईने विचारले. "भाताला हात नाही लावणार?"

"आम्ही वाफेवरच जगतो, बाई. भात आम्हाला काय करायचा?"

"आणि आम्हाला वाफ काय करायची!" ठकूबाईने पानावर खिचडी वाढली. "वाफ तुमची, भात आमचा. इतकं सोपं होतं, आणि तुम्ही दोघं काय करत बसलात!"

उस्तादाने घास घेतला. बराच वेळ चावला. मग तो हळूच म्हणाला, "बाई, ते लाडू कसे लागले?"

"हुंगले आणि ठेवून दिले. मुंग्यांनी नेले. घोंगडी जळाली. कथील फरशीवर वितळलं, अजून निघत नाही. चांदणं कसं आहे?"

"झोप नाही आम्हाला. पाखराचा तर गळा दाबावासा वाटतो."

जिन्नाची आई आधी हसली. मग उस्ताद. तो असा हसत नसे, म्हणून त्याला ठसका लागला. ठकूबाईने पाणी दिले.

रीत मग आपोआप पडली. चुलीतल्या आगीतून जिन्नाच्या आईने आपला निखारा उचलला. आगीतून आग घेतली तर मागची कमी होत नाही. निखारा आता नारळाएवढा झाला होता. भाता उस्तादाकडे गेला. फरशीवरचे कथील जिन्नांनी आपल्याच आगीने सोडवले, आणि ठकूबाईचे पातेले दुसऱ्या दिवशी झाले. उस्तादाच्या घरातले चांदणे जिन्नाच्या आईने गोळा करून झाडाला टांगले, पाखरूही तिथेच सोडले. वाटसरूंना चांदणे रात्री वाट दाखवी आणि पाखरू "बोळा फिरव" म्हणे. हंडा मात्र तिथून हलला नाही. दर जुम्म्याला दोन्ही घरे तिथे जमत. गावही हळूहळू येऊ लागले. कोण काय आणतो हे कोणी पाहत नसे, कारण सगळे एकाच हंड्यात पडे.

थंडी सरता सरता एका सकाळी शरार उस्तादाच्या दारात आला. कुत्री भुंकली नाहीत, त्यांना तो आता ओळखीचा होता. सावली नव्हती. पाय जमिनीपासून वीतभर वर होते.

"हलिमा, मी आजीकडे निघालोय. काफला. एकट्याला वाट कंटाळवाणी होते. येतेस?"

हलिमाने बापाकडे पाहिले. उस्ताद भांडे घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"भाता कोण ओढणार?" त्याने विचारले.

"मी ओढते," कुंपणापलीकडून ठकूबाई म्हणाली. "चार दिवस ओढीन. पोरीला जाऊ द्या."

उस्ताद गप्प राहिला. त्याचे गप्प राहणे म्हणजे हो. हलिमाला ते ठाऊक होते.

"चाचा, तुमचा गालिचा द्याल का?" शरार म्हणाला. "माझी आग भरात आहे. आता तो हातभर नाही, ढगापर्यंत उडेल."

"तो उलटा जातो."

"आम्ही उलटे तोंड करून बसू."

उस्तादाने घरात जाऊन गालिचा आणला. दारातून बाहेर येताना मान वाकवली. गालिचा शरारच्या हातात दिला, पण टोक सोडले नाही.

"ने. पण परत देताना—"

हलिमा, शरार आणि ठकूबाई, तिघेही त्याच्याकडे पाहू लागले. 

उस्तादाने घसा खाकरला.

"परत देताना झटकून द्या," तो म्हणाला, आणि त्याने टोक सोडले.

तात्पर्य: वरचढ ठरण्यासाठी दिलेली वस्तू देणाऱ्याच्या घरातून जाते आणि घेणाऱ्याच्या कामी येत नाही. एका भांड्यातून सोबत खाल्लेल्या घासाचे देणे मात्र कोणाच्याच माथी राहत नाही.